सगळ्या गल्लीच्या किल्ल्या आणि आत्याचं एक कुलूप

शपथेवर सांगा, दाराला नवं कुलूप आणायला निघालात तेव्हा तुम्ही एकदा तरी स्वतःच्या दाराकडे नीट बघितलं होतं का?

नाही बघितलं. कुणीच बघत नाही. दुकानात जायचं, भोपळा तोलावा तशी चार कुलपं हातात तोलायची आणि सगळ्यात जड असेल ते घेऊन यायचं. दार कुजकं, चौकट हललेली, बिजागरीचा एक स्क्रू कधीचा गळून पडलेला, पण कुलूप असं की खजिन्याने लाजावं! चोर काय कुलपाची आरती करायला येतो? तो आधी दार बघतो, मग खिडकी बघतो आणि मग तुम्हाला बघतो. तुमच्याआधी त्याने तुमचं घर अभ्यासलेलं असतं. आणि हे फक्त अडाण्यांचं होतं असं समजू नका. आत्यासारख्या चलाख बाईचं झालं, तिथे तुमची-आमची काय कथा!

आत्या सगळ्या गल्लीची आत्या. सख्खा भाचा एकच, तोही लांब. गल्लीच्या तोंडाशी तिचं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत खिडकीला लागून शिवणयंत्र, आणि यंत्रामागे आत्या. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ती तिथे. पडदे, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश, कुणाची पँट आखूड कर, कुणाचा झगा सैल कर. तोंडात टाचण्या धरून बोलायची तिला सवय. टाचण्या असताना ती जे बोलायची ते टोचायचं, आणि टाचण्या काढून बोलायची ते जास्त टोचायचं.

आत्या कायम घरी, म्हणून गल्लीच्या किल्ल्या आत्याकडे. कामावर निघालेला प्रत्येक जण दार ओढून कुलूप लावायचा आणि जाता जाता खिडकीच्या जाळीतून किल्ली आत टाकायचा. "आत्या, किल्ली!" एवढीच हाक. संध्याकाळी परत तीच हाक. मधल्या वेळात कुणाची मुलं शाळेतून यायची, कुणाकडे नळ दुरुस्त करणारा यायचा, कुणाची सासू न सांगता टपकायची. सगळ्यांना आत्या किल्ली द्यायची आणि वर चौकशीही करायची. "सासूबाई, किती दिवस मुक्काम? नाही, सुनेला आधी सांगून ठेवते, म्हणजे ती रजा टाकेल. नाहीतर आजारी पडेल."

किल्ल्या ठेवायची पद्धत तिची स्वतःची होती. यंत्राशेजारच्या भिंतीवर खिळ्यांची रांग. कोणती किल्ली कुणाची हे कळायला प्रत्येक किल्लीला तिने त्या घराच्या कापडाची चिंधी बांधलेली. गल्लीतल्या सगळ्या घरांचे पडदे तिनेच शिवलेले, उरलेले तुकडे तिच्याकडेच. निळ्या चौकड्यांची चिंधी सिस्टरची. सिस्टर म्हणजे शेजारच्या घरातली नर्स, पाळीच्या कामाने कायम धावपळीत. तपकिरी पट्ट्यांची चिंधी सेक्रेटरींची. नाव लिहायची भानगड नाही, नंबर घालायची नाही. आत्याला या युक्तीचा फार अभिमान. "चोर आला तरी त्याला काय कळणार कुठली कुणाची?" असं ती सांगायची, आणि ऐकणारे माना डोलवायचे. शहाणे बिचारे!

आणि तिचं स्वतःचं दार? त्याला कुलूपच नव्हतं. आतून कडी, बाहेरून कोयंडा. कुठे जायचंच झालं तर कोयंड्यात लाकडी चमचा अडकवून जायची. "माझ्याकडे आहे काय चोरायला? यंत्र? उचलून दाखवावं कुणी, मी त्याला बक्षीस देईन."

मग मागच्या गल्लीत चोरी झाली. चोरांनी घर धुऊन नेलं, अगदी न्हाणीघराचा नळसुद्धा काढून नेला. बैल गेला आणि झोपा केला, तसं दुसऱ्याच दिवशी आपल्या गल्लीत सेक्रेटरींनी सगळ्यांना जमवलं. सेक्रेटरी म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. गल्लीच्या समितीचे सेक्रेटरी ते स्वतःच झाले होते, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. दिवसभर ओट्यावर उभे राहून कोण कुठे कचरा टाकतो यावर नजर ठेवायची, हे त्यांचं काम. आत्याचं आणि त्यांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य.

"गल्लीतल्या प्रत्येक घराला कुलूप आहे," सेक्रेटरी म्हणाले, "आणि त्या सगळ्या कुलपांच्या किल्ल्या जिथे आहेत, त्या घराला काय आहे? चमचा!"

लोक हसले. आत्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"इतकी वर्षं तुमची किल्ली त्या चमच्याने सांभाळली, सेक्रेटरीसाहेब. तेव्हा नाही दिसला?"

"दिसला होता. बोललो नाही."

"तुम्ही? बोलला नाहीत? हे मात्र चोरीपेक्षा मोठं आश्चर्य."

पण या वेळी लोक त्यांच्या बाजूने होते. शेवटी ठरलं ते असं: आत्याने दाराला चांगलं कुलूप बसवावं, नाहीतर ज्याने त्याने आपापली किल्ली काढून न्यावी.

"न्या की! भिंत मोकळी होईल," आत्या म्हणाली आणि तरातरा घरी आली. पण घरात शिरल्यावर तिने भिंतीकडे बघितलं आणि ती एकेक चिंधी मोजत बसली. किल्ल्या गेल्या तर त्या खिडकीशी थांबणार कोण? पँट आखूड करायला माणूस वर्षातून एकदा येतो. किल्लीला रोज येतो, दोनदा येतो. हे ती कुणाला सांगणार नव्हती. जीभ कापली असती तरी सांगितलं नसतं. पण दुसऱ्या दिवशी तिने यंत्रावर कापड टाकलं आणि सिस्टरला हाक मारली. "चल गं, कुलूप घ्यायला जाऊ. असं कुलूप घेऊ की त्या माणसाची बोलती बंद झाली पाहिजे."

बघा, कुलूप कशासाठी घ्यायचं ते! चोरासाठी नाही, दारासाठी नाही. सेक्रेटरीसाठी!

दुकानदाराने काउंटरवर कुलपांचा ढीग मांडला. पहिलं लटकतं कुलूप, हाताच्या पंजाएवढं. आत्याने ते कोयंड्याच्या आठवणीशी ताडून बघितलं. "हे लावलं तर कुलूप राहील आणि दारच खाली येईल."

"मग हे घ्या, आकड्यांचं. किल्लीची कटकटच नाही. चार आकडे जुळवा, उघडलं."

"चालेल. माझ्या यंत्राचा नंबर लावते, तो मी विसरत नाही," असं म्हणून आत्याने तो नंबर खणखणीत आवाजात सांगितला. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. सिस्टरने कपाळावर हात मारला. "आत्या, आता निम्म्या बाजाराला तुझं दार उघडता येईल."

मग निघालं बोटाच्या ठशाचं. दुकानदाराने ते बाळासारखं हातात धरलं. "मावशी, यात बोट हीच किल्ली. हरवायची भीती नाही." आत्याने अंगठा टेकवला. कुलपाने लाल दिवा दाखवला. तर्जनी टेकवली. लाल. दुसऱ्या हाताची सगळी बोटं झाली. लाल, लाल, लाल. दुकानदार बोटं न्याहाळत म्हणाला, "तुमच्या बोटांना रेषाच राहिलेल्या नाहीत. सुईने सगळ्या घासून गेल्या. यंत्राला तुम्ही माणूसच वाटत नाही."

"मलाही ते यंत्र वाटत नाही," आत्या म्हणाली. "ठेव तिकडे. जन्मभर काम केलेल्या बोटाला जे ओळखत नाही, ते माझ्या दारावर नको."

शेवटी दुकानदाराने शेवटचं अस्त्र काढलं. दाराच्या आतल्या बाजूला बसणारं लॅच. बाहेर फक्त किल्लीचं भोक. "दार नुसतं ओढायचं. टक्! आपोआप लागतं. विसराळू माणसासाठी तर वरदान."

तो 'टक्' आवाज आत्याला इतका आवडला की तिने तो परत परत करून बघितला. सिस्टर हळूच म्हणाली, "आत्या, तू दिवसातून शंभरदा आत-बाहेर करतेस. आपोआप लागलं तर?"

"तर काय? किल्ली असेल ना माझ्याकडे!"

गल्लीच्या कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने ते लॅच बसवलं. मिस्त्री म्हणजे सुतारकामातला स्वयंघोषित सम्राट. दाराला भोक पाडून, फळी तासून, चौकटीत लोखंडी पट्टी ठोकून त्याने काम संपवलं आणि छाती फुगवून म्हणाला, "आता दार फुटेल, पण हे उघडणार नाही." आत्याने मुद्दाम दार उघडं-बंद केलं. समोरच्या ओट्यावर उभ्या सेक्रेटरींना ऐकू जाईल असं. टक्. टक्. टक्. सेक्रेटरींनी मान हलवली. "उत्तम." आत्याला रडू यायचं बाकी राहिलं, इतकी ती खूश.

नव्या कुलपाबरोबर दोन किल्ल्या आल्या होत्या. आता इथे जरा थांबा आणि बाईचा हात कसा चालतो ते बघा. त्या घरात किल्ली आली की तिला चिंधी बांधायची आणि ती खिळ्यावर अडकवायची, ही हाताला लागलेली सवय. आत्याने दोन्ही किल्ल्यांना आपल्या पडद्याची पिवळी चिंधी बांधली आणि सगळ्यात वरच्या खिळ्यावर दोन्ही मानाने लटकावल्या. सगळ्यांच्या किल्ल्या आत्याकडे, तशी आत्याचीही आत्याकडे. चुकलं कुठे? तिला तर काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

दुपार कलत आली होती. एक बाई शिवलेले अभ्रे घ्यायला आली, गप्पा मारून गेली आणि गठ्ठा मात्र टेबलावर विसरली. आत्या तेव्हा सेक्रेटरींच्या पँटला शिलाई मारून तिच्यावर इस्त्री फिरवत होती. तिने इस्त्री कडेला उभी केली, गठ्ठा उचलला आणि "अगं थांब, थांब!" करत रस्त्यावर धावली. बाई कोपऱ्यावर सापडली. गठ्ठा दिला. आणि मागे वाऱ्याच्या झुळकीने दार लागलं.

टक्.

आत्याच्या मनात पहिला विचार आला तो, वा, काय आवाज आहे! दुसरा विचार यायला थोडा वेळ लागला. तो आला आणि ती रस्त्यातच खाली बसली.

मिस्त्री आला, हत्यारांची पिशवी घेऊन. त्याने पटाशी घातली, पातळ पट्टी सरकवून बघितली, खांदा लावला. मग घाम पुसत अभिमानाने म्हणाला, "सांगितलं होतं ना? माझं काम आहे. नाही उघडणार."

"अरे मेल्या, मालकीण बाहेर आहे!"

"कुलपाला मालकीण कळत नाही, आत्या."

तोवर लोक कामावरून परतायला लागले. येईल तो सवयीने खिडकीशी थांबायचा, "आत्या, किल्ली!" म्हणायचा आणि उत्तर मागून, रस्त्यातून यायचं. गल्लीत कुणाच्याच खिशात किल्ली नव्हती. भाजीच्या पिशव्या, दप्तरं, औषधांची पुडकी घेऊन सगळी गल्ली आपापल्या बंद दारांच्या मध्ये उभी. सिस्टरने रुग्णालयातून आल्या आल्या पायरीवर बूट काढून ठेवले. सेक्रेटरीही बाहेरच होते. बायको माहेरी, स्वतः चक्कर मारायला गेलेले, किल्ली अर्थातच आत्याकडे.

"चमच्याने निदान घरात तरी येता येत होतं," कुणीतरी म्हणालं. आत्याने त्याच्याकडे असं बघितलं की तो दुसऱ्याच्या मागे जाऊन उभा राहिला.

आणि मग वास आला. करपल्याचा.

"इस्त्री!" आत्या ओरडली. उभी केलेली इस्त्री आडवी झाली होती. सेक्रेटरी जाळीला नाक लावून आत डोकावले. "माझी पँट! माझी चांगली पँट!" त्यांची नजर पँटवरून भिंतीवर गेली होती. किल्ल्यांच्या रांगेवर. तपकिरी पट्ट्यांच्या चिंधीवर. त्यांनी सावकाश मान वळवली आणि स्वतःच्या घराच्या खिडकीकडे बघितलं. तिथे तपकिरी पट्ट्यांचा पडदा वाऱ्यावर डुलत होता.

"निळ्या चौकड्या," ते सिस्टरच्या खिडकीकडे बोट दाखवून म्हणाले. "हिरवी वेल, ते कोपऱ्यावरच्या शिक्षकांचं. लाल ठिपके, मिस्त्रीचं." सगळी गल्ली त्यांच्या बोटाबरोबर वळत होती. खिडकीत पडदा, भिंतीवर चिंधी. खिडकीत पडदा, भिंतीवर चिंधी. "अहो, चोराला लिहिता-वाचता यायचीसुद्धा गरज नाही. नुसते डोळे असले की झालं!"

माणूस कितीही चिडका असो, खवचट असो, बरोबर असला तर बरोबर म्हणावंच लागतं. सेक्रेटरी बरोबर होते. आत्याला ते कळलं, आणि त्यांच्या तोंडून कळलं, हे जास्त झोंबलं.

पण धूर वाढत होता. मिस्त्रीने जाळी हलवून बघितली आणि तो चमकला. जाळीचे सगळे स्क्रू बाहेरच्या बाजूने होते. त्याने पेचकस काढला, भराभरा स्क्रू फिरवले आणि चहाच्या कपाची बशी काढावी तशी अख्खी जाळी काढून खाली ठेवली. दाराला एवढं कुलूप, आणि खिडकी अशी!

"ही जाळी कुठल्या गाढवाने बसवली होती?" सेक्रेटरींनी विचारलं.

मिस्त्री आभाळाकडे बघायला लागला. बसवणारा तोच होता.

सिस्टर खिडकीतून आत उतरली, इस्त्रीची पिन खेचली आणि दार उघडलं. पँटच्या मांडीवर इस्त्रीचा नेमका आकार उमटला होता. कुणाला हसू आलं नाही. लोक एकेक करून आत आले, आपापली चिंधी ओळखून किल्ली काढून घेतली आणि निघून गेले. "आत्या, राग नको," एवढं सिस्टर म्हणाली. बाकीचे तेवढंही बोलले नाहीत. भिंतीवर खिळे राहिले, आणि सगळ्यात वर पिवळ्या चिंधीच्या दोन किल्ल्या.

त्यानंतर सकाळी गल्ली खिडकीवरून नुसती जायची. आत्या यंत्र चालवायची, उसवायची, पुन्हा चालवायची. तिला राग आला होता. आधी सेक्रेटरींचा, मग मिस्त्रीचा, मग त्या दळभद्री 'टक्'चा. शेवटी राग फिरत फिरत घरी आला. सगळी गल्ली निर्धास्तपणे आपलं घर तिच्या हातात देत होती. आणि ती? तिने आपली किल्ली कुणाला दिली? आपल्यालाच! आपल्याइतकं भरवशाचं दुसरं कुणी नाहीच, हा तोरा. हा तोराच दाराबाहेर अडकला होता.

गल्लीचं तरी कुठे बरं चाललं होतं! सिस्टर पाळी संपवून आली तर आई किल्ली घेऊन बाजारात. शिक्षकांचा मुलगा शाळेतून येऊन पायरीवर झोपी गेला. सेक्रेटरींनी किल्ली कुंडीखाली लपवली आणि कुणी ती कुंडी हलवू नये म्हणून कुंडी हलवू नये असं सगळ्यांना सांगून ठेवलं.

आत्याने मिस्त्रीला बोलावलं. जाळीचे स्क्रू आतून घ्यायला लावले, बाहेरचे घासून बंद करायला लावले. चौकटीची जुनी फट भरून घेतली. लॅच काढून टाकलं. नवं कुलूप निवडायला या वेळी ती दुकानात नाही, आपल्या दाराशी उभी राहिली. एका हातात कापडाचा गठ्ठा धरून दुसऱ्या हाताने किल्ली फिरवायचा सराव केला. दाराच्या जाडीचं माप दोऱ्याने घेतलं. मग दुकानदाराला सांगितलं, "दाराच्या आत बसणारं दे. किल्ली फिरवल्याशिवाय न लागणारं. किल्ली मोठ्या कड्याची हवी, माझी बोटं सकाळी आखडतात. आणि आवाज कसा येतो, त्याच्याशी मला काही देणंघेणं नाही."

किल्ल्यांसाठी तिने पांढरं अस्तर कापलं, सगळ्यांना एकसारखं, आणि प्रत्येक तुकड्यावर वेगळा टाका घातला. सिस्टरला धावदोरा. मिस्त्रीला काजाचा टाका, भोकं पाडतो म्हणून. सेक्रेटरींना उलटी टीप, ते का हे सांगायला नको. हे तिच्याशिवाय कुणालाच वाचता येणार नव्हतं. पण अस्तराचे तुकडे नुसते पडून होते. बांधायला किल्ल्या कुठे होत्या?

मग तिने आपली नवी किल्ली मुठीत धरली आणि समोरच्या ओट्यावर गेली. असं जाणं तिला किती जड गेलं, ते पायांनाच ठाऊक.

"धरा," ती म्हणाली.

सेक्रेटरी किल्लीकडे बघतच राहिले. "माझ्याकडे? अहो, आपलं तर भांडण आहे."

"ते आहेच. भांडायला तुम्ही कायम घरी असता, हाच तुमचा गुण."

सेक्रेटरींनी किल्ली घेतली. उलटी करून बघितली, सुलटी करून बघितली. मग ते वाकले, कुंडी सरकवली, खालची ओली किल्ली काढून शर्टाला पुसली आणि आत्यापुढे धरली. "ही घ्या. इथे गंजते."

"पँट नवीन शिवून देते."

"थोडी सैल ठेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळीतून सिस्टरची किल्ली खणकन आत पडली. मग मिस्त्रीची. मग हळूहळू बाकीच्यांची, कुणाची लाजत, कुणाची जसं काही घडलंच नाही अशी. शिक्षकांची मात्र आली नाही. त्यांनी बोटाच्या ठशाचं कुलूप घेतलं, आणि आत्या म्हणते, खडूने बोटं झिजली की येतीलच.

आता तुमचं. तुमच्याही गल्लीत, इमारतीत, जिन्याखाली असं कुणीतरी असतंच, ज्याच्याकडे सगळे बिनधास्त किल्ल्या टाकून जातात. आज घरी जाताना त्याच्या दाराशी थांबा. आपली किल्ली मागू नका. त्याला विचारा, "तुमची कुणाकडे असते?" आणि तो हसून "कुणाकडेच नाही" म्हणाला, तर कृपा करून तुमचा हात पुढे करा.